दोन आस

भाच्याने माझ्या टेबलावर ॲल्युमिनियमचे दोन तुकडे आणून ठेवले. स्केटबोर्डच्या खाली चाकं धरून ठेवणारा भाग अगदी मानेपाशी मोडला होता. “मामा, नवा मिळतो, पण तोही असाच मोडेल. आपल्या वर्कशॉपमध्ये नाही का करता येणार?” एक तुकडा मी खिडकीच्या उजेडात धरला. मोडलेल्या तोंडावर करडा रवा होता आणि एका कडेला मोहरीएवढी गुळगुळीत पोकळी. धातू साच्यात ओतताना अडकलेल्या वायूचा तो बुडबुडा. भेग तिथून निघाली होती. तिच्या जुन्या भागावर काळपट मळ बसलेला, नवा भाग चकचकीत. म्हणजे पोरगा कितीतरी दिवस अर्ध्या मोडलेल्या धातूवर उभा राहून उतारावरून येत होता. ते कळल्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

या भागाला ट्रक म्हणतात. आपण रेल्वेच्या डब्याखाली ज्याला बोगी म्हणतो, त्यालाही अमेरिकेत ट्रकच म्हणतात, आणि स्केटबोर्डचा ट्रक त्याच जातीचा. चार स्क्रूंनी फळीला घट्ट बसते ती बेसप्लेट. तिच्यावर आडवा हात असतो तो हँगर, आणि हँगरमधून चाकांचा आस जातो. हँगर बेसप्लेटला दोन जागी भेटतो. त्याचं बोथट नाक बेसप्लेटमधल्या प्लास्टिकच्या वाटीत टेकतं, आणि त्याच्या मधल्या कड्यातून किंगपिन नावाचा जाड बोल्ट जातो. कड्याच्या वर-खाली पॉलियुरेथेनचे दोन बुश असतात. फळीवर एका बाजूला झुकलं की बुश दबतात, हँगर तिरका फिरतो आणि चाकं वळतात. भार सरळ केला की बुश हँगरला जागेवर आणतात. हातात काहीही न धरता, नुसत्या कलण्याने वळणारं हे वाहन आहे.

ही युक्ती स्केटबोर्डपेक्षा पुष्कळ जुनी. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी १८६३ मध्ये चार चाकांच्या रोलर स्केटचं पेटंट घेतलं. त्यात पाऊल कलतं केलं की चाकं वळत आणि रबराची गादी त्यांना परत सरळ करी. कॅलिफोर्नियातल्या मुलांनी १९५० च्या दशकात असल्याच स्केटची चाकं फळीखाली ठोकली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची चाकं आणली. चाकं रस्ता धरू लागली, वेग वाढला आणि स्केटचे अरुंद ट्रक अपुरे पडू लागले. मग बेनेट, ट्रॅकर आणि १९७८ मध्ये इंडिपेंडंट असे खास स्केटबोर्डसाठी रचलेले ट्रक आले. हे ओतीव होते, आणि आजही दुकानात मिळणारे बहुतेक ट्रक ओतीवच असतात. चांगल्या फाउंड्रीतला ओतीव ट्रक वर्षानुवर्षं टिकतो, हे मोडका तुकडा हातात असतानाही मान्य करायला हवं. पण उतारावरच्या वेगाचा प्रश्न वेगळा आहे. २०१७ मध्ये ब्रिटनच्या पीट कॉनली यांनी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात स्केटबोर्डवर उभं राहून ताशी १४६.७३ किलोमीटरचा वेग गाठला. वेगाच्या या जगात हँगर वाटीत जरासा खुळखुळला तरी चालत नाही, म्हणून तिथले अनेक जण अखंड ठोकळ्यातून कापून काढलेले ट्रक वापरतात.

फिरणाऱ्या वस्तूंबद्दल बोलताना मराठीत ‘आस’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बैलगाडीच्या दोन चाकांमधला दांडा हा आस, आणि पृथ्वी जिच्याभोवती फिरते ती कल्पनेतली रेघ हाही आसच. ट्रकमध्ये दोन्ही आहेत. एक आस पोलादाचा, हाताला लागणारा. दुसरा हँगरच्या नाकापासून कड्याच्या मध्यातून जाणारा, जमिनीशी तिरका, नुसती रेघ. हँगर फिरतो तो या रेघेभोवती. तिथे धातू नाही, मोजपट्टी लावायला जागा नाही, तरी ट्रकचा सगळा स्वभाव तिच्यातच आहे. यंत्रावर आपण जे जे कापतो ते या न दिसणाऱ्या आसासाठी.

तो किती तिरका असावा, याचं गणित सरळ आहे. आस जमिनीशी आडवा असता तर फळी नुसती कलली असती, चाकं वळलीच नसती. उभा असता तर न कलताच चाकं भलतीकडे फिरली असती. खरा आस या दोहोंच्या मध्ये असतो. फळीच्या कलाचा साइन घ्यायचा, त्याला आसाच्या कोनाच्या टॅनने गुणायचं, की चाकं किती वळणार त्या कोनाचा टॅन मिळतो. आस ४५ अंशांत असेल आणि फळी २० अंश कलली, तर चाकं सुमारे १९ अंश वळतात. तोच आस २५ अंशांत ठेवला तर जेमतेम ९. दोन ट्रकमध्ये ७० सेंटिमीटर अंतर असलेली फळी पहिल्या जोडीवर साधारण एक मीटर त्रिज्येचं वळण घेईल, दुसऱ्या जोडीवर सव्वादोन मीटर त्रिज्येचं. उतारावरून जाणारे म्हणूनच पुढचा ट्रक जास्त कोनाचा आणि मागचा कमी कोनाचा लावतात. मागची चाकं फार वळायला लागली की फळी वेगात डुगडुगते, आणि ती डुगडुग माणसाच्या पायांना आवरण्याआधीच वाढत जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मॉन्ट हबर्ड यांनी स्केटबोर्डच्या स्थिरतेचं गणित १९७९ मध्येच मांडलं होतं.

आता या गणितात चूक किती खपते ते पाहू, कारण काम करणाऱ्याला खरी माहिती तीच लागते. ४५ अंशांच्या जागी ४६ झाले तर वळण साडेतीन टक्क्यांनी वाढेल. भाच्याच्या ते लक्षातही येणार नाही. पण वरून पाहिलं असता पुढचा पोलादी आस मागच्याला समांतर न राहता अर्धा अंश तिरपा बसला, तर फळी स्वतःहून ८० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात चालू लागते, म्हणजे १० मीटरमध्ये साठ सेंटिमीटर बाजूला. अर्धा अंश चुकायला फार काही करावं लागत नाही. बेसप्लेटची पुढची-मागची भोकं ५४ मिलिमीटर अंतरावर असतात, त्यातली एक जोडी अर्धा मिलिमीटर सरकली की झालं. म्हणून मिलिमीटर कुठे सोडायचे आणि मायक्रॉन कुठे धरायचे हे आधी कागदावर ठरवलं. हँगरचा बाहेरचा आकार, पॉलिश, वजन वाचवायच्या खाचा इथे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही. पोलादी आसाचं भोक, नाक, कड्याची बैठक आणि या तिघांचं एकमेकांशी नातं, एवढंच खरं काम. बाजारातले काही ट्रक आरशासारखे चकाकतात आणि मापात ढिले असतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण ती मेहनत चुकीच्या जागी गेलेली असते.

ठोकळा घेतला एचई ३० ॲल्युमिनियमचा, टी-६ अवस्थेतला. पुस्तकात याला ६०८२ म्हणतात, पण बाजारात अजून जुन्या ब्रिटिश नावानेच मागतात. टी-६ म्हणजे आधी तापवून पाण्यात विझवलेला आणि मग मंद आचेवर मुरवलेला. हा धातू साधारण २५० ते २७० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा वाकत नाही. ओतीव ट्रकच्या मिश्रधातूला हीच मर्यादा दोनशेच्या आसपास असते. ७०७५ नावाचा धातू पाचशेपर्यंत जातो, पण तो महाग, आणि ताणाखाली गंजून तडकण्याची खोड त्याला आहे. शिवाय हँगर बहुधा एका फटक्यात मोडत नाही, तो थकून मोडतो. पोलादाला थकव्याची एक खालची मर्यादा असते. तिच्याखालचा ताण ते कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, लहान ताणही पुरेशा वेळा पडला की हिशेब होतोच. हिशेबाची सुरुवात होते ती कोपऱ्यात. १९५४ मध्ये कॉमेट विमानं हवेत फुटली, तेव्हा तपासात भेगांचं मूळ सांगाड्यात कापलेल्या चौकोनी खिडकीसारख्या भागांच्या कोपऱ्यांशी सापडलं होतं. मी हँगरच्या मानेला ३ मिलिमीटरची गोलाई ठेवली आणि तिथे कटरची एकही रेघ राहू दिली नाही, बारीक पॉलिश पेपरने हाताने घासून काढली.

पहिला हँगर मी बिघडवला. तो कसा, हे सांगण्यासारखं आहे. पोलादी आसाचं भोक ८ मिलिमीटरचं आणि हँगर ११० मिलिमीटर लांब, म्हणजे खोली व्यासाच्या जवळजवळ चौदा पट. एवढ्या लांब भोकात ड्रिल हमखास भरकटतं. मी विचार केला, दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडू. ठोकळा मिलिंगच्या वाइसमध्ये उभा धरला, ५५ मिलिमीटर पाडलं, उलटा केला, पुन्हा ५५. आस घातला तर तो मध्येच अडला. टॉर्च लावून डोळा लावला. आत दोन भोकांच्या सांध्यावर एक बारीक चंद्रकोर दिसत होती. जॉब काढून तळ चाचपला. वीस मिलिमीटर रुंदीच्या तळाच्या एका कडेवर कापण्यातून उरलेली धातूची बर राहिली होती, नखाला जेमतेम लागेल एवढी, फार तर एक दशांश मिलिमीटर. तिच्यावर ठोकळा टेकला आणि वर ५५ मिलिमीटरवर पावणेतीन दशांश बाजूला गेला. कानशीचे दोन हात मारले असते तर ठोकळा वाचला असता.

आमच्याकडचे सगळ्यात जुने टर्नर तो तुकडा हातात फिरवून एवढंच म्हणाले, “ड्रिल फिरवू नका, जॉब फिरवा.”

यात मोठा अर्थ आहे. ड्रिल फिरत असेल आणि जॉब स्थिर असेल, तर टोक एकदा एका बाजूला सरकलं की पुढे ते त्याच बाजूला सरकत राहतं. जॉब फिरत असेल आणि ड्रिल स्थिर, तर बाजूला सरकलेल्या टोकाला फिरता धातू सगळीकडून सारखाच ढकलतो आणि ते मध्याकडे येऊ पाहतं. भोक पूर्ण सरळ होतंच असं नाही, पण भटकंती खूपच कमी होते. दुसरा ठोकळा आम्ही लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये धरला. डायल गेजचा काटा एका फेऱ्यात दोन शतांशांपेक्षा जास्त हलेना, इतका तो मध्यात आणला. आधी सेंटर ड्रिल, मग ७.८ चं ड्रिल टेलस्टॉकमध्ये. ॲल्युमिनियम चिकट धातू आहे, कापताना धारेला जाऊन बसतो आणि मग धार कापायच्या ऐवजी ओरबाडते. त्यावर आमच्याकडचा जुना उपाय घासलेट. दर पाच-सात मिलिमीटरला ड्रिल बाहेर काढायचं, ब्रशने कीस झाडायचा, घासलेटचे दोन थेंब, पुन्हा आत. ड्रिलच्या दोन्ही खाचांतून दोन सारख्या वळणदार साली बाहेर येत राहिल्या की समजावं काम नीट चाललंय. एका खाचेची साल थांबली की हात थांबवायचा.

शेवटी ८ एच ७ चा रीमर. हे अक्षर-आकड्याचं जोडनाव म्हणजे भोक ८.००० ते ८.०१५ मिलिमीटरच्या आत. रीमर मंद फिरवायचा आणि बाहेर काढतानाही उलटा फिरवायचा नाही, उलट्या फिरण्याने धारा जातात. रीमर माप सुधारतो, वाट सुधारत नाही. ड्रिल वाकडं गेलं असेल तर तो त्याच वाकड्या वाटेने निमूट जातो. म्हणून सगळी मेहनत रीमरच्या आधी करायची.

या भोकात मग ८ मिलिमीटरची ग्राइंड केलेली पिन घातली आणि पुढचं प्रत्येक माप त्या पिनेवरून घेतलं. नाक आणि कड्याची बैठक दोन्ही मिलिंगवर एकाच पकडीत केली, मध्ये जॉब एकदाही सोडला नाही. जॉब सोडून परत धरला की दोन-तीन शतांश हातातून जातात, मग यंत्र कितीही भारी असो. अशा रीतीने नाकाच्या आणि कड्याच्या मध्यातून जाणारी रेघ पिनेच्या मध्याला काटकोनात भेटली. न दिसणारा आस तयार झाला तो त्या पकडीत.

दिसणाऱ्या आसाचं माप चाकाच्या बेअरिंगने ठरवून टाकलेलं आहे. ते ६०८ नंबरचं. आतून ८ मिलिमीटर, बाहेरून २२, रुंदी ७. म्हणजे मधला दांडा ८ चा. टोकाचा नट मात्र अमेरिकन चालीचा, अडीच सुती, एका इंचात २४ आटे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि आमच्या टर्नरांच्या तोंडी अजून तीच भाषा आहे. किंगपिन तीन सुती, आस अडीच सुती. मेट्रिक लीड स्क्रूच्या लेथवर इंची आटे पाडायचे तर १२७ दातांचं गिअर शोधावं लागतं, कारण २५.४ ला पाचाने गुणलं की १२७ येतात. आमच्या जुन्या लेथचा लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा आहे. चोवीसला चाराने नि:शेष भाग जातो, त्यामुळे हाफ नट कुठेही सोडून कुठेही पकडला तरी टूल त्याच आट्यात उतरतं. नवी यंत्रं आल्यावर हा लेथ भंगारात द्यायचा विचार दोनदा झाला होता. तो दिला नाही याचं मला समाधान आहे.

आसाला एमएसचा, म्हणजे साध्या नरम पोलादाचा, बार चालणार नाही, हे आकडेच सांगतात. ७० किलोचा माणूस एक मीटर उंचीवरून उडी घेऊन गुडघ्यांतून तीस सेंटिमीटर दबत उतरला, तर फळीवर सरासरी ३,००० न्यूटनच्या आसपास जोर येतो. चारही चाकांनी तो सारखा वाटून घेतला आणि चाकाचा भार हँगरच्या तोंडापासून २ सेंटिमीटरवर धरला, तर आठाच्या दांड्यात सुमारे ३०० मेगापास्कल ताण येतो. एमएस २५० ला वाकतं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी वाकणार, आणि एकाच चाकावर उतरलं तर ताण चौपट. ईएन २४ हे निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेलं पोलाद नेहमीच्या उष्णोपचारानंतर साधारण ६५० पर्यंत तग धरतं. आम्ही ते घेतलं आणि आटे सुरू होतात तिथे खाच न ठेवता गोलाई दिली. दांडा १० मिलिमीटरचा करता आला असता तर ताकद जवळजवळ दुप्पट झाली असती, कारण ती व्यासाच्या घनाने वाढते. पण बेअरिंग त्याला जागा देत नाही.

किंगपिन मी केला नाही, आणि कोणी करू नये असं माझं मत आहे. कारखान्यातल्या चांगल्या बोल्टचे आटे कापलेले नसतात, दाबून उठवलेले असतात. त्यामुळे धातूचे तंतू तुटत नाहीत. वर त्यावर काटेकोर उष्णोपचार झालेला असतो. लेथवर कापलेला बोल्ट त्याची बरोबरी करत नाही, आणि हा एक बोल्ट तुटला तर पायाखालचा ट्रकच सुटतो. बुशही विकतचेच आणले. पॉलियुरेथेनचा कडकपणा शोअर मापाने मोजतात. भाच्याच्या वजनाला ९० ए च्या आसपासचे बरोबर बसले.

बेसप्लेटमध्ये वाटीची आणि किंगपिनची जागा तिरक्या आसावर पाडायची होती, ५० अंशांत. त्यासाठी साइन बार लागतो. ही एक पोलादी पट्टी, दोन टोकांना दोन रूळ, रुळांमध्ये बरोबर १०० मिलिमीटर. एका रुळाखाली ठरावीक उंची दिली की पट्टी हव्या त्या कोनात उभी राहते. पण ४५ च्या पुढे साइन बार भरवशाचा राहत नाही, उंचीतली एवढीशी चूक कोनात मोठी होऊन उतरते. म्हणून जॉब आडवा फिरवून ४० अंश लावले. चाळीसचा साइन ०.६४२७९, म्हणजे ६४.२७९ मिलिमीटर उंची हवी. स्लिप गेजच्या पेटीतून अचूक जाडीचे चार तुकडे निघाले: ६०, २, १.२७ आणि १.००९. ते साफ पुसून एकमेकांवर घासत सरकवले की मध्ये हवेला जागा राहत नाही आणि चार तुकडे एकच असल्यासारखे चिकटतात. भाचा हे पहिल्यांदाच पाहत होता. त्याने तो लहानसा मनोरा उचलून हलवून पाहिला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. नंतर तासभर तो मशिनजवळून हलला नाही.

रंगासाठी ॲनोडायझिंगला देताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागली. ॲनोडायझिंगचा थर रंगासारखा वर चढत नाही. तो धातूतूनच उगवतो, साधारण अर्धा आत आणि अर्धा बाहेर. १० मायक्रॉनचा थर दिला की भोकाची भिंत चहूकडून ५ मायक्रॉन आत येते आणि व्यास १० मायक्रॉननी घटतो. एच ७ ची सगळी मोकळीक १५ मायक्रॉनची, त्यातली दहा रंगातच गेली असती. आसाचं भोक, नाक आणि कड्याची बैठक यांना बुचं आणि झाकणं लावून मगच माल पाठवला.

दोन महिने भाच्याने तो ट्रक रोज चालवला. मग मी तो मागवून घेतला. बुश काढले, हँगर थिनरने धुतला, भेग शोधायचं लाल द्रव फवारलं, दहा मिनिटं थांबलो, पुसून घेतलं आणि वरून पांढरी पूड मारली. धातूत कुठेही फट असेल तर आत शिरलेला लाल रंग या पांढऱ्यात वर येतो. मान पांढरीशुभ्र राहिली, नाकही. आस जागेवर धरणाऱ्या ग्रब स्क्रूच्या भोकाच्या कडेला मात्र, बरोबर जिथे मी चॅम्फर देऊन धारदार कड मारायला विसरलो होतो तिथे, केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. जेमतेम दीड मिलिमीटर. भाच्याला जवळ बोलावून ती दाखवली. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “मामा, आता?” तो हँगर मी ठेवून घेतला. नव्या नकाशात स्क्रू मानेपासून आठ मिलिमीटर दूर नेला आहे, आणि तिसरा ठोकळा चकमध्ये लावला आहे.